नवरदेव, पैलवान आणि काकू

मामीच्या हातात गेमचं यंत्र दिलं की ती सगळ्यात आधी ते बंद करते. "उजेड पडला की आकार दिसत नाही," असं तिचं म्हणणं. मग हात धुऊन पुसते, पांढरे सुती हातमोजे चढवते आणि यंत्र उलटं, आडवं, उभं धरून असं न्याहाळते, जणू घरी स्थळ चालून आलंय आणि नाही म्हणायला काहीतरी कारण सापडलंच पाहिजे.

तिने आजवर एकही गेम खेळलेला नाही. पण हातात धरून खेळायच्या यंत्रांबद्दल काही नेमकं विचारायचं झालं, तर आमच्या दुकानाचे मालकसुद्धा आधी माझ्याकडे बघतात आणि मग म्हणतात, "वहिनींना विचारून सांगतेस का?" मी त्या दुकानात दुरुस्तीच्या टेबलावर बसते. माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक्सची पदवी आहे, फ्रेम करून लावलेली. मामीकडे एक शिलाई मशीन, बारीक मापं घ्यायचा एक व्हर्नियर आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा आहे.

मामी या यंत्रांची कव्हरं शिवते.

तिच्या वडिलांचं स्कूटरच्या सीटा शिवायचं दुकान होतं. रेग्झिन कुठे ताणायचं, कुठे सैल सोडायचं, कोपऱ्यावर चुणी न पाडता कसं वळवायचं, हे ती बाराखडीच्या आधी शिकली. लग्नानंतर ती घरबसल्या एका ठोक व्यापाऱ्यासाठी लॅपटॉपच्या बॅगा शिवायला लागली. आठवड्याला शंभर. शिवण हिची, शिक्का त्याचा. एकदा बसमध्ये शेजारच्या माणसाच्या मांडीवर तिनेच शिवलेली बॅग होती. मामी त्याला म्हणाली, "ही मी शिवलीय." त्याने बॅगेवरचा शिक्का पाहिला, मामीकडे पाहिलं आणि बॅग उचलून दुसऱ्या मांडीवर घेतली. ही गोष्ट मामी हसत हसत सांगते. पण दर दोन-तीन महिन्यांनी सांगते.

कव्हरांचा नाद माझ्यामुळे लागला. माझं यंत्र जिन्यात पडून त्याचा कोपरा फुटला, तेव्हा तिने उरलेल्या रेग्झिनच्या तुकड्यातून त्याला एक कव्हर शिवून दिलं. ते इतकं नेमकं बसलं की यंत्र आत सरकताना हवा बाहेर पडल्याचा हलका आवाज यायचा. दुकानातल्या एकाने मागितलं, मग दुसऱ्याने. तेव्हापासून बॅगांमधून वेळ उरला की मामी कव्हरं शिवते.

आमच्याकडे चालणाऱ्या दोन यंत्रांना तिने नावं ठेवली आहेत, तीही अगदी चपखल. एक पैलवान. जाडजूड, सातशे ग्रॅमला थोडं कमी, आत जवळजवळ अख्खा संगणक. कितीही अवजड गेम उचलतो, पण दोन तासांत चार्जर मागतो आणि खेळताना डोक्यावरून गरम हवा सोडत राहतो. दुसरी काकू. चिप जुनी आणि संथ, पडदा जरा फिका, पण वजनाला हलकी. एका चार्जवर सहा-सात तास चालते, तापत नाही, कुरकुरत नाही. मामा पाणीपुरवठ्यात मीटर वाचायचं काम करतात. दिवसभर आकडे वाचून आले की चष्मा नाकावर घेऊन काकूवर आकड्यांचीच कोडी सोडवत बसतात. मामी म्हणते, "यांना सुट्टी दिली तरी हे कामावरच जातात."

तिसरा यायचा होता. त्याच्या येण्याच्या तारखा दोनदा जाहीर झाल्या आणि दोन्ही टळल्या. सगळे नटूनथटून वाट बघतायत आणि हा येईना, म्हणून तो आला नव्हता तेव्हाच त्याचं नाव पडलं नवरदेव.

मी तर नुसती उतावीळ झाले होते. तिघांच्या तुलनेचा एक तक्ता करून मी मामीच्या भिंतीवर चिकटवला. चिप किती पटींनी वेगवान, मेमरी किती, पडदा किती इंचांचा, एका सेकंदात किती चित्रं, बॅटरी किती. नवरदेव जवळजवळ प्रत्येक रकान्यात पुढे. मामी मशीनवरून उठून आली, कमरेवर हात ठेवून तिने तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला.

"छान आहे गं. पण यात बोटं कुठायत?"

"बोटं?"

"धरायचा कुठे, तापतो कुठे, कोपरा किती गोल, ही अंगठ्याने फिरवायची बोंडं किती बाहेर येतात. हे काहीच नाही यात. नुसता पगार लिहिलाय मुलाचा. स्वभाव कोण लिहिणार?"

मी म्हटलं, "स्वभाव यंत्र आल्यावर कळेल."

"म्हणजे लग्न लागल्यावर," मामा काकूवरून नजर न काढता म्हणाले.

विक्री सुरू व्हायच्या महिनाभर आधी मालकांनी मामीला दुकानात बोलावलं. त्यांना नवरदेवाची ऐंशी यंत्रं मिळणार होती आणि समोरच्या चौकातल्या मोठ्या दुकानाला दोनशे. गिऱ्हाईक आपल्याकडे यावं म्हणून त्यांनी ठरवलं होतं की प्रत्येक यंत्रासोबत एक कव्हर मोफत द्यायचं, तेही मापाचं, हाताने शिवलेलं.

"वहिनी, ऐंशी कव्हरं. शनिवारी सकाळी दहाला शटर वर जाईल, तेव्हा ऐंशीच्या ऐंशी हजर पाहिजेत. जमलं, तर ही फळी तुमची." त्यांनी गल्ल्याशेजारच्या, छातीच्या उंचीवरच्या फळीवर थाप मारली. "कायमची. तुमचा माल, तुमचा शिक्का."

मामीने फळीकडे पाहिलं. तिथे तेव्हा चार्जर टांगलेले होते. ती एरवी प्रत्येक गोष्टीत घासाघीस करते. त्या दिवशी ती नुसती "बरं" म्हणाली. घराचं दार उघडता उघडता म्हणाली, "छातीच्या उंचीवर आहे. वाकावं लागत नाही बघणाऱ्याला."

नवरदेव स्वतः यायच्या आधी त्याचा नमुना आला. दुकानाच्या काचेत ठेवण्यासाठी कंपनी असे नमुने पाठवते. बाहेरून हुबेहूब, आत पोकळ, वजनासाठी एक लोखंडी पट्टी. मालकांनी तो आठवडाभर मामीला दिला. मामीने व्हर्नियरने त्याची लांबी, रुंदी, जाडी सात-सात ठिकाणी मोजली, बटणांची उंची मोजली, कोपऱ्यांची गोलाई पुठ्ठा कापून उतरवून घेतली. वरच्या कडेला हवा बाहेर टाकायच्या फटी होत्या. पैलवानालाही तिथेच असतात, म्हणून तिने कव्हराच्या वरच्या बाजूला जाळी धरली. पाठीवर मधोमध तळहाताएवढं स्टिकर होतं: 'नमुना. विक्रीसाठी नाही. स्टिकर काढू नये.'

मामीने ते काढलं नाही. दुसऱ्याची वस्तू घरात आली की ती जशी आली तशी परत गेली पाहिजे, हा तिचा जुना नियम. हातमोजे त्यासाठीच. पाठ सपाट दिसली, म्हणून तिने सगळ्यात जाड फोम पाठीलाच लावला. "पडला तर पाठीवर पडू दे," म्हणाली. "मऊ गादी आहे."

नमुना परत गेला आणि तीन आठवड्यांत ऐंशी कव्हरं तयार झाली. चाळीस करडी, चाळीस निळी. कड पायपिंगची, म्हणजे आत दोरी घालून गोल शिवलेली, टीप इतकी सरळ की पट्टी लावून बघावी.

खरी यंत्रं गुरुवारी सकाळी आली. मालकांनी एक उघडून आम्हाला दिलं. दुपारी एक ते तीन दुकान बंद असतं, तेवढ्या वेळात मी तिघांची समोरासमोर परीक्षा घ्यायची ठरवली होती. मामी आली, तिच्यामागे पाठीवर कव्हरांचं पोतं घेऊन मामा. त्यांची त्या दिवशी सुट्टी होती, म्हणजे ते तसं समजत होते.

तिन्ही यंत्रांवर मी एकच गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला. काकूवर लांबची झाडं धुरकट दिसत होती आणि वळणावर चित्र किंचित अडखळत होतं. पैलवानावर झाडं झाडांसारखी दिसली, पण पंखा असा घोंघावायला लागला की मामांनी खिडकीकडे पाहिलं. नवरदेव मात्र लोण्यासारखा चालला. पडदा मोठा, रंग ताजे, आवाज जवळजवळ नाहीच. मी ओरडलेच, "बघा! मी सांगत नव्हते?"

"बंद कर," मामी म्हणाली. तिने हातमोजे चढवले, डोळे मिटले आणि एकेक यंत्र खेळताना धरतात तसं दहा-दहा मिनिटं धरून बसली. मालक डबा खाता खाता तिच्याकडे बघत होते. शेवटी डोळे उघडून ती म्हणाली, "पैलवान जड आहे, पण मनगट दुखतं ते नवरदेवाने."

"कसं शक्य आहे?" मी म्हटलं. "तो शंभर ग्रॅमने हलका आहे!"

"काट्यावर असेल. माझ्या हातात नाहीये."

मी यंत्र हातात घेतलं आणि मला कळलं. पैलवान गुबगुबीत, त्याला तळहातात खोल धरता येतं. नवरदेव रुंद आणि चपटा. वजन कमी, पण ते बोटांच्या टोकाशी, मनगटापासून लांब. मी उत्साहाने समजावायला लागले, की बल आणि अंतर यांचा गुणाकार केला तर...

"म्हणजे भरलेली बादली हात लांब करून धरली तर जड लागते, तेच ना?" मामा म्हणाले.

"हो."

"याला चार वर्षं लागली तुला?"

मालकांना ठसका लागला.

मग मामीची परीक्षा सुरू झाली. तिला यंत्र चालू असताना काय करतं यापेक्षा झोपल्यावर काय करतं याची चिंता जास्त, कारण कव्हरात ते झोपूनच असतं. मी तिन्हींना नवे गेम उतरवून घ्यायला लावलं आणि पडदे विझवले. नवी यंत्रं झोपेतही असं काम करतात. तिघांना आपापल्या कव्हरात घातलं, वर घड्याळ ठेवलं. वीस मिनिटांनी मी दुरून तापमान मोजायचं साधन रोखलं. काकू तेहतीस अंश. पैलवान अडतीस.

नवरदेवाच्या कव्हरातून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. मी तो बाहेर काढला. एकावन्न. पडद्यावर लाल खूण उमटली, ताप वाढल्याची सूचना आली आणि बघता बघता यंत्र आपोआप बंद पडलं.

मामीने हातमोजे काढले आणि उघड्या बोटांनी त्याची पाठ चाचपली. मधोमध, जिथे नमुन्यावर स्टिकर होतं, तिथे बारीक फटींची ओळ होती. नवरदेव हवा डोक्यातून सोडतो, पण घेतो पाठीतून. आणि पाठीला मामीने गादी लावली होती.

"स्टिकरखाली होतं हे," ती म्हणाली.

"मग काढून बघायचं होतंस की!" मामा म्हणाले.

"लिहिलं होतं ना, काढू नये."

खरं तर चूक तिच्या एकटीची नव्हती. माझ्या तक्त्यात पंख्याचा रकाना होता, तो मिनिटाला किती फिरतो तेही होतं. हवा कुठून घेतो हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. मी तसं म्हटलं. मामीने नुसती मान हलवली. ती फळीकडे बघत होती.

मालकांनी डबा बंद केला. माणूस वाईट नाही, पण मोफत कव्हराचं पोस्टर छापून झालं होतं. ते म्हणाले, "वहिनी, एवढं काही मनाला लावून घेऊ नका. पूर्ण बंद करून कव्हरात ठेवा, असं सांगू लोकांना."

"कोण करतं पूर्ण बंद? तुम्ही फोन पूर्ण बंद करता?"

"मग एक चिठ्ठी टाकू आत."

"भाऊ, घरात पाणी गळतंय म्हणून घरमालकाने छत्री द्यावी, तसं झालं हे." मामीने एक निळं कव्हर उचललं आणि आतून बाहेर उलटवलं. "आज गुरुवार. शनिवारी दहाला भेटू."

"ऐंशी?"

ती कव्हर काखेत मारून निघाली. मामांनी पोतं परत पाठीवर घेतलं आणि मला हळूच म्हणाले, "माझी सुट्टी गेली."

घरी जाऊन तिने पहिल्यांदा पाठीचा फोम चौकोनात कापला आणि तिथे जाळी लावली. मी दुकानातून यंत्र उसनं आणलंच होतं. वीस मिनिटं. सत्तेचाळीस अंश. उपयोग नाही.

"भोक पाडलं तरी तापतोय," मी म्हटलं. "आतून जाळी त्याच्या पाठीला चिकटते आणि बाहेरून कव्हर टेबलाला. हवा यायला जागाच नाही. तीन-चार मिलिमीटर अंतर मिळालं तर..."

"म्हणजे पाठ टेकायला नको."

"हो."

मामीने उठून कपाटावरची पेटी काढली. पेटीत तिच्या वडिलांच्या दुकानातली पायपिंगची जाड दोरी होती. "उन्हात तापलेल्या सीटवर माणूस बसू शकायचा, कारण बाबा बसायच्या जागी या दोरीच्या उभ्या रेघा टाकायचे. माणूस रेघांवर बसायचा, खालून वारा." तिने तसंच केलं. जाळीच्या दोन्ही बाजूंना आतून एक आणि बाहेरून एक अशा दोरीच्या रेघा शिवल्या. यंत्र आत गेलं ते रेघांवर टेकलं आणि कव्हर टेबलावर टेकलं तेही रेघांवर.

वीस मिनिटं आम्ही तिघंही त्या कव्हराभोवती बसलो होतो, अंडं उबवल्यासारखे. अडतीस अंश! मी उडी मारली. मामी म्हणाली, "नाचू नकोस, उसवायला घे."

कामाची वाटणी झाली. मी शिवण उसवून फोम बाहेर काढायचा, मामांनी पुठ्ठ्याच्या साच्यावरून फोम आणि जाळी कापायची, मामीने शिवायचं. एका कव्हराला पंधरा-सोळा मिनिटं. मामांनी पहिल्या दोन जाळ्या तिरक्या कापल्या.

"अहो, सरळ. मीटरचा आकडा असा तिरका वाचता का?"

"मीटर हलत नाही. ही जाळी हलते."

"मग तिच्यावर ओरडा, माझ्यावर नको."

शुक्रवारी मामांनी एक दिवस आणखी रजा टाकली. साहेबांना फोनवर कारण काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण "नवरदेवाची पाठ" हे शब्द कानावर पडले. शुक्रवारी संध्याकाळी मशीनची सुई मोडली, नवी लावली, पुन्हा मोडली. मामीची बोटं दोरी ओढून ओढून लाल झाली होती. रात्रीच्या जेवणापर्यंत सत्तावन्न कव्हरं झाली. तेवीस तशीच राहिली.

"दे ती पण," मामा म्हणाले. "तेवीस जणांमधले किती जण झोपेत गेम उतरवणार?"

"एक जरी असला तरी तो येऊन विचारेल, कुणी शिवलं. आणि तेव्हा शिक्का माझा असेल." तिने तेवीस कव्हरं वेगळ्या पिशवीत भरली आणि पिशवीला गाठ मारली. ती गाठ मारताना तिचा चेहरा मला बघवला नाही. फळी गेली असं तिने मनाशी धरलंच होतं.

शनिवारी साडेनऊला दुकानासमोर रांग होती. मामीने मालकांना सत्तावन्न कव्हरं मोजून दिली आणि उरलेल्यांचं खरं ते सांगितलं. मालकांनी पोस्टरकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. "हात दाखवून अवलक्षण झालं हे, वहिनी," एवढंच म्हणाले आणि शटर वर केलं.

मी टेबलावर तिन्ही यंत्रं मांडली होती, लोकांनी हाताळावीत म्हणून. मामी घरी जाणार होती, पण कव्हर कसं घालायचं हे दाखवायला थांबली. सुरुवातीची वीस-पंचवीस माणसं ठरवूनच आली होती. पैसे दिले, यंत्र घेतलं, कव्हर घेतलं, गेली. मग एक नर्स आली. तिने विचारलं, "या तिघांमध्ये चांगलं कुठलं?"

मी तक्ता सुरू केला. चिप, मेमरी, पडदा. ती मान डोलावत होती, पण नजर दुसरीकडेच होती.

मामीने मध्येच विचारलं, "तुम्ही खेळता कधी?"

"ड्यूटीवर दहा मिनिटं मोकळी मिळाली की."

"कुठे ठेवणार?"

"खिशात." तिने कोटाचा खिसा दाखवला.

मामीने नवरदेव त्या खिशाला लावून पाहिला. अर्धा बाहेर. "नाकापेक्षा मोती जड. बघा, हा देखणा आहे, वेगवान आहे, पण घरी सोफ्यावर बसून खेळायचा. तुमच्या खिशात दिवसभर हा थकेल आणि तुम्हीपण. ही घ्या." तिने काकू पुढे केली. "दिसायला साधी, पण सकाळी भरली की संध्याकाळपर्यंत हाक मारली की ओ देते."

नर्सने काकू हातात धरली, खिशात घातली, बाहेर काढली आणि हसली. काकूची जुनी कव्हरं मामीच्या पिशवीत होतीच. मालक गल्ल्यावरून डोळे वटारून बघत होते. काकूची यंत्रं आत खोक्यांत चार महिने धूळ खात पडली होती, हे त्यांच्या लक्षात यायला दोन मिनिटं लागली.

त्यानंतर रांगेतले लोक मामीलाच विचारायला लागले. एका सुताराने तिन्ही यंत्रं उलटी केली आणि विचारलं, "बॅटरी मेली तर उघडतं का हे?" ते मी सांगितलं. नवरदेवाची बॅटरी डिंकाने चिकटवलेली, पैलवान साध्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडतो. "मग पैलवान," तो म्हणाला. "जे उघडत नाही ते माझं नाही." कॉलेजातल्या दोघी मैत्रिणींना मोठ्या पडद्यावर एकत्र खेळायचं होतं. मामी म्हणाली, "तुम्हाला नवरदेवच. पण उशी मांडीवर घ्या आणि त्यावर टेकवून खेळा, मनगटं वाचतील." एका आजोबांनी नवरदेव घेतला, चार पावलं गेले, परत आले, म्हणाले, "बाई, तुमच्या हातात तो वेगळा दिसतो," आणि काकू घेऊन गेले.

संध्याकाळी साडेपाचला सत्तावन्न कव्हरं संपली. त्यानंतर नवरदेव घ्यायला चौघं आले. मामीने प्रत्येकाला स्वतः कारण सांगितलं आणि चिठ्ठी लिहून दिली, बुधवारी या. त्यातला एक जण भांडला. पोस्टरवर बोट ठेवून म्हणाला, "फसवणूक आहे ही!" मामीने त्याला ते न उसवलेलं कव्हर दाखवलं, आतली गादी दाखवली, यंत्राच्या पाठीवरच्या फटी दाखवल्या. "आत्ता हवं तर हे घेऊन जा. पण मग तुमचा नवरदेव तापाने आजारी पडला तर मला बोलावू नका." तो चिडूनच गेला, पण चिठ्ठी घेऊन गेला.

सात वाजता मालकांनी हिशेबाची वही बाजूला सारली. नवरदेव एकसष्ट गेले होते. काकू अकरा. पैलवान पाच. मामी टेबलाजवळ उभी होती, पर्स काखेत मारलेली, जायच्या तयारीत.

"वहिनी," मालक म्हणाले, "तुम्ही माझं गिऱ्हाईक फिरवलंत."

"फिरवलं. पण दुकानाबाहेर नाही ना फिरवलं?"

मालकांनी ओठ घट्ट मिटले. हसू दाबायची त्यांची तीच पद्धत आहे. मग म्हणाले, "ऐंशी म्हटलं होतं मी."

"हो."

"सत्तावन्न आणलीत."

"हो."

"एकही परत आलं नाही अजून." ते उठले आणि फळीवरचे चार्जर एकेक काढून खोक्यात टाकायला लागले. मामांनी तिच्या काखेतली पर्स घेतली. चार्जर संपल्यावर मालकांनी फडक्याने फळी पुसली, तरी मामीने मामांच्या हातातल्या पर्समधून रुमाल काढून ती पुन्हा पुसली. मग ती गुडघ्यांत किंचित वाकून, डोळे फळीच्या रेषेत आणून बघायला लागली.

"काय झालं?" मालकांनी विचारलं.

"डावीकडे दोन मिलिमीटर उतार आहे."

"वहिनी!"

"असू दे. खाली पुठ्ठा घालीन."

सोमवारी ठोक व्यापाऱ्याचा माणूस शंभर बॅगांचं कापड घेऊन नेहमीसारखा आला. मी तेव्हा मामीकडेच होते, उरलेली तेवीस कव्हरं उसवत. मामीने कापडाचा गठ्ठा सोडला, मोजून अर्धा ठेवून घेतला आणि अर्धा त्याला परत दिला.

"हे काय? पन्नासच?"

"पन्नासच. दुपारनंतर मी माझी असते," मामी म्हणाली आणि जिन्यात लावलेली त्याची सायकल वाटेतून जरा बाजूला घ्यायला सांगितली, कारण मामा जाळीचा रोल घेऊन जिना चढत होते.